पुडीतल्या नारिंगी दगडफुलाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका. घरातल्या एखाद्या तऱ्हेवाईक काकांना 'काय नमुना आहे' म्हणतात, तसला नव्हे. मी वनस्पतिसंग्रहातला खराखुरा नमुना आहे. लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरावरच्या दगडाचा एक टवका आणि त्यावर वाढलेलं नारिंगी दगडफूल, असा मी आहे. दिल्लीत रिज नावाच्या टेकडीच्या झाडीला लागून एक संस्था आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, एका कागदी पुडीत माझा मुक्काम असतो.

आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही मराठी वाचताय, म्हणजे तुमच्या घरी काळा किंवा गोडा मसाला होत असणार, आणि त्यात दगडफूल पडत असणार. ते माझे लांबचे भाऊबंद. ते पापुद्र्याचे, हलके, ओलाव्याच्या रानात वाढणारे. मी वाळवंटी डोंगरातला, दगडाला घट्ट चिकटलेला, आणि चवीला बहुधा अगदीच टाकाऊ. पण कढई तापली की एवढा फरक कोण बघत बसतो?

हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा आहे. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे, बुरशी आणि शेवाळ या दोघांचा तो संसार. शेवाळानं उन्हावर अन्न शिजवायचं, बुरशीनं घर सांभाळायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय गुण्यागोविंदानं राहतात! आतून विचाराल तर बुरशीला सदैव वाटतं की शेवाळ काहीतरी लपवून खातंय, आणि शेवाळाला वाटतं की बुरशी फुकट बसून हुकूम सोडते. अशा घरात मी वाढलो. वाढलो तरी किती? एखाद्या माणसाचं आयुष्य संपावं तेव्हा कुठे मी रुपयाच्या नाण्याएवढा झालो. तिथे पाऊस जवळजवळ नसायचाच. वारा, बर्फ आणि डोळे दिपवणारं ऊन, एवढंच माझं जग.

एक दिवस त्या जगात एक फौजी आला. त्याचं नाव काकासाहेब. गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. खिंडीजवळच्या चौकीवर त्याची नेमणूक होती. दिल्लीच्या एका शास्त्रज्ञांनी त्याच्या पलटणीला विनंती केली होती की जिथे आम्हाला येता येत नाही, तिथली दगडफुलं आम्हाला आणून द्या. काकासाहेबानं छिन्नी लावली, हातोडा मारला आणि मला डोंगरापासून तोडलं. मग जोडीदाराला म्हणाला, "आमच्या गावाकडं दगडाला शेंदूर फासावा लागतो. हा बघ, आपणहून रंगून बसलाय."

त्यानं ठिकाण, उंची आणि उताराची दिशा एका कागदावर लिहिली आणि तो कागद आणि मी, दोघांना स्वतःच्या लोकरी मोज्यात घातलं. मला खात्री होती की हा मला कुठल्यातरी बाजारात विकणार. नाहीतर एवढ्या थंडीत कुणी स्वतःचा मोजा दगडाला देतं का?

त्यानं मला विकलं नाही. मी दिल्लीत आलो. इथे मला जाड कागदाच्या पुडीत घालून पुडीवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर माझं शास्त्रीय नाव, ठिकाण, उंची, दिशा, तारीख आणि काकासाहेबाचं नाव. मित्रांनो, ही चिठ्ठी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चिठ्ठीसह मी पुरावा असतो. अमुक डोंगरावर, इतक्या उंचीवर, त्या वर्षी हे दगडफूल जगत होतं, असं मी जगाला सांगू शकतो. चिठ्ठी गेली की मी रस्त्यावरची खडी. रंगीत खडी, एवढंच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की शास्त्रज्ञसाहेब भिंग काढून मला दाखवायचे. 'इतक्या उंचीवरचा आपल्याकडे हा एकच,' असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते निवृत्त झाले आणि कपाट बंद झालं. डांबराच्या गोळ्या विरून गेल्या, कुलपाची किल्ली हरवली, पुढे कुलूपही हरवलं. कोण आलं, कोण गेलं, कुणी काय उचललं, विचारणारं कुणी नव्हतं. मी अंधारात पडून प्रत्येक पावलाचा आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आला चोर.

अशात एक दिवस कपाट उघडलं आणि श्रावस्ती आली.

श्रावस्तीचं मूळ घर यवतमाळकडचं. वडील राजाराम सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. ती पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली, पुढे वनस्पतिशास्त्र शिकली आणि संग्रह सांभाळायला आमच्या संस्थेत लागली. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. उन्हाळा संपता संपता विभागप्रमुखांचा रिपोर्ट जाणार, त्यावर तिचं राहणं-जाणं ठरणार होतं. वडील आता नव्हते. घरी ती आणि आई. त्यामुळे त्या रिपोर्टकडे दोघींचे डोळे लागलेले होते.

तिनं आल्याआल्या काय केलं असेल? मला खरवडलं! ब्लेडच्या टोकानं माझा कणभर तुकडा काढला आणि त्यावर कसल्याशा औषधाचा थेंब टाकला. नारिंगीचा क्षणात जांभळा झाला. ती आनंदानं "वा!" म्हणाली, कारण त्या रंगावरून माझी ओळख पक्की झाली होती. मला त्यात आनंदासारखं काही दिसलं नाही. मी तिला त्याच दिवशी संशयितांच्या यादीत पहिला नंबर दिला.

संशय घेणारा मी एकटा नव्हतो. विभागप्रमुख हेरंब सर पुण्याचे, खाण्याचे शौकीन. श्रावस्तीचा डबा शेजारच्या खोलीत उघडला की त्यांचं नाक आधी पोचायचं. एकदा ते हसत म्हणाले, "मॅडम, भाजीला दगडफुलाचा वास काय जबरदस्त आहे हो! आणता कुठून? आपल्या कपाटातून तर नाही ना?"

सगळे हसले. श्रावस्तीही हसली, पण जरा उशिरा. तेव्हापासून ती डबा उघडायची की कुणीतरी म्हणायचंच, "मैडम, आज स्टॉक में से क्या बना है?" थट्टा रोज होऊ लागली की तिचा रंग बदलतो. हळूहळू लोक हसायचे थांबले आणि नुसतेच बघायला लागले.

एप्रिलमध्ये आमच्या कप्प्यात कसर लागली. जुन्या वह्या उघडल्यावर चंदेरी किडा सुर्रकन पळतो ना, तीच. ती कागद खाते, चिठ्ठीही खाते. यावर उपाय एकच, पुड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायच्या, म्हणजे किडे आणि अंडी मरतात. संस्थेचा फ्रीजर मात्र कधीचा बंद पडलेला, आणि नव्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. श्रावस्तीनं हेरंब सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "सर, पुड्यांचं काय करू? थांबलो तर कसर चिठ्ठ्या खाऊन टाकेल." सरांच्या कानाला फोन होता. ते म्हणाले, "हां हां, बघा ना तुम्ही."

तिनं बघितलं. नियम असा होता की लेखी परवानगीशिवाय एकही नमुना बाहेर न्यायचा नाही. नियम तिला पाठ होता. तरी संध्याकाळी तिनं कसर लागलेल्या पुड्या पिशवीत भरल्या, त्यांत मीही, आणि ती आम्हाला घेऊन निघाली. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो?

मेट्रो स्टेशनवर सामान तपासायच्या यंत्रातून आमची पिशवी गेली आणि शिपायानं तिला थांबवलं. "मैडम, बैग में पत्थर क्यों हैं?"

मागे रांग खोळंबली होती. श्रावस्तीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "भैया, मसाला है. पत्थर के फूल."

शिपायानं पिशवीचा वास घेतला, खांदे उडवले आणि तिला सोडून दिलं. मी मात्र पिशवीत गारठलो. तिच्या स्वतःच्या तोंडून आलं होतं, मसाला! आता आणखी कुठला पुरावा हवा?

तिचं घर गाझियाबादला, वैशालीत. तिथे तिनं आम्हाला फ्रीजरच्या तळाशी ठेवलं, सुक्या खोबऱ्याच्या आणि रव्याच्या पिशव्यांखाली. आईला तिनं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'ऑफिसातलं किड्यांचं सामान माझ्या फ्रीजरमध्ये?' म्हणून आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. चार-आठ दिवसांचा तर प्रश्न, असा विचार करून पोरगी गप्प राहिली.

पण तेवढ्यात तिकडे कपाटाचं पितळ उघडं पडलं. हे मला नंतर मागे राहिलेल्या शेजारच्या पुड्यांनी सांगितलं. हेरंब सर कुणा पाहुण्यांना संग्रह दाखवायला गेले, तर आमचा कप्पा अर्धा रिकामा. त्यांनी श्रावस्तीला बोलावलं.

"पुड्या कुठे आहेत?"

"फ्रीजरमध्ये, सर."

"आपला फ्रीजर तर बंद आहे."

"घरच्या."

मग सर म्हणाले, "उद्या सकाळी प्रत्येक पुडी माझ्या टेबलावर पाहिजे. एक जरी कमी असली तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते मला ठरवावं लागेल."

ती धावतच स्टेशनकडे निघाली. आणि नेमकी त्याच दुपारी तिच्या आईनं, प्रेमलाबाईंनी, वर्षाचा मसाला करायला काढला होता.

प्रेमलाबाईंचा संशय माझ्याहून दोन हात पुढे. धणे घेतले तर त्यांना त्यात काड्या दिसणार, हळद घेतली तर रंग. खोबरं काढायला त्यांनी फ्रीजर उपसला आणि त्यांच्या हाती आमची पिशवी लागली. आत कागदाच्या पुड्या, अगदी किराणा दुकानात बांधतात तशा घडीच्या. एक उघडली तर आत दगडफूल! नागपूरच्या धाकट्या बहिणीशी, क्रांतीशी, त्यांचं फोनवर बोलणं चाललंच होतं. फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला होता.

"अगं क्रांती, पोरीनं दगडफूल आणून ठेवलंय बघ! बोलली पण नाही."

"सरप्राइज असेल गं. पण बघून घे हं ताई, दिल्लीचा माल."

प्रेमलाबाई भराभर पुड्या उघडू लागल्या. आम्ही सगळे एका परातीत पडलो आणि चिठ्ठ्यांचे कागद गेले कांद्याच्या सालांच्या टोपलीत. माझी चिठ्ठी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

"अगं, हे काय! दगडासकट विकलंय! वजन वाढवायला काय काय करतात मेले!"

"दगड? मोठा आहे?"

"चांगलं ढेकूळ आहे. दोन तर नारिंगी आहेत. रंग मारलाय बघ."

"घासून बघ, घासून बघ. रंग सुटेल."

त्यांनी ओल्या फडक्यानं मला खसाखसा पुसलं. मित्रांनो, आयुष्यभर मी जगावर संशय घेतला, पण माझ्यावर कुणी भेसळीचा आळ घेईल असं स्वप्नातही आलं नव्हतं! रंग काही सुटला नाही, तो माझाच होता. पण वरची उजळ झिलई गेली आणि मी थोडा मळकट दिसू लागलो. "हे दगड दुकानदाराच्या तोंडावर नेऊन मारते," म्हणत त्यांनी आम्हा दगडवाल्यांना बाजूला ठेवलं.

माझी शेजारीण मात्र सुटली नाही. ती राखाडी, पापुद्र्याची, दगडापासून सुटी झालेली, लडाखच्याच एका नाल्यातली. कपाटात तिनं कधी कुणाची तक्रार केली नव्हती. प्रेमलाबाईंनी तिचा वास घेतला. "वासच नाही गं याला," म्हणाल्या, आणि तरीही तिला तापल्या तेलात सोडलं. चर्र असा आवाज झाला. मी काहीही करू शकलो नाही.

श्रावस्ती दारातून आत आली ती सरळ स्वयंपाकघरात. परात पाहिली, कढई पाहिली.

"आई, काय केलंस तू हे?"

"काय केलं म्हणजे? मसाला करतेय. तूच आणलंस ना?"

"ऑफिसचं आहे ते! संग्रहातलं आहे! गॅस बंद कर आधी."

प्रेमलाबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. जुन्या नमुन्यांवर कधीकाळी कसलं औषध मारलं असेल, सांगता येत नाही, म्हणून श्रावस्तीनं तो सगळा मसाला टाकायला लावला. वर्षाचं खोबरं, धणे, तीळ, सगळं गेलं. प्रेमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कांद्याच्या सालांतून चिठ्ठ्या वेचायला त्याच आधी बसल्या.

जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून मायलेकी बसल्या. श्रावस्ती एकेक चिठ्ठी वाचायची आणि तिच्यातल्या वर्णनावरून दगड शोधायची. हा पिवळा, भेगाळलेल्या मातीसारखा, म्हणजे तो. हा काळा, बटणासारखा, म्हणजे हा. भराभर जोड्या लागत गेल्या. शेवटी दोन चिठ्ठ्या उरल्या आणि दोन दगड. दोघेही नारिंगी, दोघेही एकाच जातीचे, दोघांचा दगड सारखाच करडा. एक होतो मी, लडाखच्या खिंडीतला. दुसरा हिमाचलातल्या स्पितीतला, माझ्याहून बऱ्याच खालच्या उंचीवरचा. त्याला आणणारे शास्त्रज्ञ आता हयात नव्हते. आमचे फोटो काढायचं काम आमच्या कप्प्यापर्यंत आलेलंच नव्हतं.

"आई, तू पुसलास तो यातला कुठला?"

"बाई गं, आता कसं सांगू? एकच पुसला एवढं आठवतं." प्रेमलाबाईंनी दोघांना उलटसुलट केलं. "दोन्ही सारखेच तर आहेत. कुठलाही कुठेही घाल. कोण बघतंय?"

श्रावस्ती म्हणाली, "सगळे बघतायत गं. कपाटाला इतकी वर्षं कुलूप नव्हतं. माझ्या आधी कितीजण आले, गेले, कुणाला कुणी विचारलं नाही. मलाच कसं विचारतात?"

प्रेमलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला माहीत आहे कसं ते. लोक आधी आडनाव वाचतात."

सकाळी श्रावस्तीनं हेरंब सरांच्या टेबलावर सगळ्या पुड्या मांडल्या आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. सर ऐकतच राहिले.

"म्हणजे एक नमुना तुम्ही... खाल्लात?"

"खाल्ला नाही, सर. भाजला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. कॉरिडॉरमधलं 'हां हां, बघा ना तुम्ही' त्यांनाही आता आठवलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "भाजलेल्याचं बघून घेऊ. एखादी पुडी किड्यांनी खराब होऊ शकते. पण हे दोन नारिंगी... खिंडीतला नमुना संग्रहातला सगळ्यात उंचावरचा आहे. तो हरवला म्हणता येणार नाही." मग त्यांनी चिठ्ठी पाहिली. "हे काकासाहेब कुठे असतात आता?"

काकासाहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि दिल्ली कॅन्टमध्ये फौजेतल्याच मुलाकडे, इंद्रजितकडे, राहत होते. पलटणीतल्या कुणाकडून सरांनी त्यांचा नंबर मिळवला आणि स्वतः फोन केला. मग श्रावस्तीला म्हणाले, "त्यांनी आपला दगड ओळखला की प्रश्न मिटला. तुमचा रिपोर्ट स्वच्छ जाईल. माझा शब्द."

काकासाहेब आले ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत. हातात काठी होती, पण पाठ ताठ. त्यांनी आम्हा दोघांना दोन तळहातांवर घेतलं. मी तो तळहात लगेच ओळखला. माझं मन भरून आलं. याच हातानं मला तोडलं आणि याच हातानं मोज्यात जपलं. मी जिवाच्या आकांतानं म्हणत होतो, काकासाहेब, मी, मी, डाव्या हातातला! पण दगडाचं कुणाला ऐकू येतं?

काकासाहेबांनी उजवा हात पुढे केला. "हाच. हाच माझा."

"झालं!" हेरंब सर खुर्चीतून उठलेच. "लिहा मॅडम, पुडी बंद करा."

श्रावस्तीनं पेन उचललं. माझ्या चिठ्ठीची पुडी तिनं स्पितीच्या दगडापुढे ओढली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसत होता. मग ती थांबली.

"काका, कशावरून ओळखलंत?"

"रंगावरून गं. माझा असा उजळ होता, शेंदरासारखा. हा दुसरा मळका आहे."

"काका, माझ्या आईनं यातला एक ओल्या फडक्यानं पुसलाय. कुठला, ते तिला आठवत नाही. मग रंगावरून कसं सांगायचं?"

"मॅडम," सर म्हणाले, "ज्यांनी आणला ते स्वतः सांगतायत. आता शंका कसली काढताय?"

काकासाहेबांनी सरांकडे पाहिलं आणि मग श्रावस्तीकडे. "पोरी, तुझी नोकरी अडकलीय ना यात? साहेब बोलले मला फोनवर. मग हाच म्हण. मी सही देतो. बिल्कुल देतो."

"सही नको, काका. तुम्हाला खात्री आहे का, एवढंच सांगा."

म्हाताऱ्यानं आम्हाला पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. मग आम्हाला टेबलावर ठेवून म्हणाला, "खात्री म्हणशील तर नाही गं. त्या चौकीवर माझा एक जोडीदार होता. तो तिथेच राहिला, बर्फात. त्याचा चेहराही आता मला नीट आठवत नाही. दगडाची काय कथा?"

श्रावस्तीनं त्यांना पाणी दिलं आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं. सर हलक्या आवाजात म्हणाले, "नीट विचार करा. तुम्ही स्वतःच संशयाला जागा ठेवलीत, तर उद्या सगळे तुमच्याकडेच बोट दाखवतील."

"ते आजही दाखवतात, सर," ती म्हणाली आणि लिहायला बसली.

तिनं एका मोठ्या पुडीची घडी घातली. आम्हा दोघांना वेगवेगळ्या कापसात गुंडाळून एकाच पुडीत ठेवलं, दोन्ही जुन्या चिठ्ठ्या वर चिकटवल्या आणि खाली तिसरी लावली. 'हे दोन नमुने मी परवानगीशिवाय संग्रहाबाहेर नेले असताना मिसळले. यातला कोणता कुठला, याची खात्री नाही. उंचीच्या अभ्यासासाठी वापरू नयेत.' खाली तिचं पूर्ण नाव आणि सही. भाजलेल्या शेजारणीच्या रिकाम्या पुडीवरही तिनं खरं तेच लिहिलं. किड्यांवर ढकललं नाही.

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू! माझी खिंड, माझी उंची, 'आपल्याकडे हा एकच' ही माझी शान, सगळं तिनं एका ओळीत काढून घेतलं. पण मित्रांनो, त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं की काकासाहेबांचा हात चुकला होता. तिनं ती सही घेतली असती, तर मी मरेपर्यंत स्पितीचा म्हणून जगलो असतो आणि स्पितीचा दगड माझ्या खिंडीत जाऊन बसला असता. आणि कुणालाही कधीही संशय आला नसता. माझ्यासारख्या संशयखोराला याहून भयंकर काय असेल?

तिची नोकरी त्या उन्हाळ्यात कायम झाली नाही. हेरंब सरांनी रिपोर्टात घडलं तेवढंच लिहिलं, चोरी हा शब्द लिहिला नाही आणि कॉरिडॉरमधलं स्वतःचं बोलणंही लिहिलं. वरून उत्तर आलं की आणखी एक वर्ष बघू. ती तशीच काम करत राहिली. नवा फ्रीजर आला. डब्याची थट्टाही थांबली. प्रेमलाबाईंनी त्या वर्षी मसाला केलाच नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून मयुरा नावाची एक संशोधक आली. दगडफुलं डोंगरावर किती उंचीपर्यंत जगतात याचा ती अभ्यास करत होती, आणि जुन्या सूचीत माझं नाव वाचून खास माझ्यासाठी आली होती. तिनं आमची पुडी उघडली, तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि आम्हाला बाजूला सारलं. माझा जीव तुटला. ज्या कामासाठी मला डोंगरावरून आणलं, ते काम दाराशी आलं आणि मी त्याला निरुपयोगी होतो.

हेरंब सर तिला म्हणाले, "सॉरी, तुमची फेरी फुकट गेली."

मयुरा ती तिसरी चिठ्ठी पुन्हा वाचत होती. "फुकट कशी, सर? मी बरेच संग्रह पाहिले. सगळीकडे सगळ्यांना सगळ्याची खात्री असते. तिथून परत आले की मी रात्रंदिवस एकेक नोंद तपासत बसते. इथे स्वतःविरुद्ध हे लिहिणारं कुणीतरी आहे. आता या कपाटातल्या बाकीच्या सगळ्या पुड्या मी डोळे मिटून घेणार."

पलीकडच्या टेबलावर श्रावस्ती एका पुडीची घडी घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, तर ती कुठली, कुणाची, कधीची, हे जे ठाऊक असेल ते तिच्यासोबत लिहून ठेवा. आणि जे ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' असं लिहा आणि खाली आपलं नाव घाला. मी खिंडीतला आहे. पण ते केवळ माझ्या सांगण्यावरून खरं धरू नका.